फास्ट चार्जर ऑनलाइन घेताना: आकडे कसे वाचायचे आणि नकली कसा पकडायचा

ॲपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या बॉक्समधून चार्जर काढून टाकला आणि पाठोपाठ इतर काही मोठ्या कंपन्यांनीही तेच केलं. तेव्हापासून चार्जर वेगळा विकत घेणं आलं, आणि ते बहुतेक वेळा ऑनलाइन. वस्तू हातात घेऊन बघता येत नाही, फक्त फोटो आणि मोठ्या अक्षरांतला वॅटचा आकडा दिसतो. नकली माल खपायला याहून सोयीची जागा नाही.

नकली चार्जरचे दोन प्रकार असतात. एकात नामवंत कंपनीचं नाव, खोकं आणि लोगो यांची हुबेहूब नक्कल केलेली असते. दुसऱ्यात नाव कुणाचं चोरलेलं नसतं, पण '६५ वॅट' म्हणून विकलेला चार्जर प्रत्यक्षात १८ वॅटच देतो. पहिला जास्त धोकादायक आणि दुसरा जास्त सापडणारा. दोन्ही पकडण्याची रीत मात्र एकच आहे: दिसण्यावर कमी आणि आकड्यांवर जास्त भरवसा ठेवायचा.

धोका नेमका कुठे असतो

चार्जरच्या आत दोन बाजू असतात. भिंतीकडच्या बाजूला १०० ते २४० व्होल्टची वीज येते, फोनकडच्या बाजूला ५ ते २० व्होल्ट निघतात. या दोन बाजूंना जोडणाऱ्या मोजक्याच गोष्टी असतात: छोटा ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मदतीनं संदेश पोचवणारा भाग) आणि एक खास सुरक्षित जातीचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग). चांगल्या चार्जरमध्ये बोर्डावर या दोन बाजूंमध्ये काही मिलिमीटरची मोकळी पट्टी राखलेली असते, ट्रान्सफॉर्मरच्या तारेवर इन्सुलेशनचे तीन थर असतात आणि सुरुवातीलाच फ्यूज असतो.

नकली बनवणारा पैसे वाचवतो ते इथेच, कारण हे बाहेरून दिसत नाही. अंतर कमी केलं, तारेवरचे थर कमी केले, साधा कपॅसिटर लावला, फ्यूज वगळला, तरी फोन चार्ज होतोच, आणि महिनोन्‌महिने होतो. मग एक दिवस व्होल्टेज उसळतं किंवा बोर्डावर दमट धूळ बसते आणि भिंतीकडची वीज थेट केबलमध्ये, म्हणजे फोन धरलेल्या हातापर्यंत पोचते. २०१६ मध्ये यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेनं ॲपलच्या नावाचे ४०० नकली चार्जर तपासले. त्यातले फक्त ३ पास झाले. १२ चार्जरची रचना इतकी वाईट होती की त्यांच्यापासून जीवघेणा झटका बसू शकला असता. म्हणून 'माझा तर व्यवस्थित चालतोय' हा चार्जर सुरक्षित असल्याचा पुरावा धरू नका.

पायरी १: फोनला कोणती भाषा कळते ते आधी बघा

चार्जर जोडला की तो आणि फोन आधी आपसात बोलतात. 'माझ्याकडे ९ व्होल्ट आहेत, चालतील का?' अशा धर्तीचा हा संवाद असतो. दोघांची भाषा जुळली नाही, तर चार्जर कितीही ताकदीचा असला तरी फोन ५ व्होल्टवर मंद गतीने चार्ज होत राहतो. चार्जर नकली निघाला म्हणून तक्रार करणाऱ्या कित्येकांची अडचण खरं तर भाषेची असते, म्हणून या पायरीवर घाई करू नका.

सगळ्यात सर्वमान्य भाषा म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, बोलण्यात नुसतं 'पीडी'. तिचे ठरावीक टप्पे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट. आयफोन ८ पासून पुढचे आयफोन पीडीवर जलद चार्ज होतात. गूगलचे पिक्सेलही पीडीच बोलतात.

पीडीचीच एक पुढची बोली आहे, पीपीएस. हिच्यात फोन दर थोड्या वेळानं 'आता जरा कमी व्होल्ट दे' असं सांगतो आणि चार्जर २० मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी व्होल्टेज बदलतो. त्यामुळे फोन कमी तापतो. सॅमसंगच्या २५ आणि ४५ वॅटच्या 'सुपर फास्ट' चार्जिंगला पीपीएस लागतंच. पीपीएस नसलेला ६५ वॅटचा उत्तम पीडी चार्जर लावला, तर असा फोन नुसतं 'फास्ट चार्जिंग' दाखवतो, 'सुपर फास्ट' दाखवत नाही.

वनप्लस, ओप्पो, रियलमी, विवो आणि शाओमी यांच्या बऱ्याच फोनमध्ये कंपनीची स्वतःची भाषा असते: सुपरवूक, फ्लॅशचार्ज, हायपरचार्ज वगैरे. ८० वॅट सुपरवूकचा फोन १०० वॅटच्या पीडी चार्जरला लावला, तरी ८० वॅट मिळणार नाहीत. आकडा बराच खाली येतो. अशा फोनला पूर्ण वेग हवा असेल तर त्याच कंपनीचा चार्जर आणि बहुतेक वेळा त्याच कंपनीची केबल घ्यावी लागते. क्वालकॉमचं क्विक चार्ज ही आणखी एक जुनी भाषा. तिची तिसरी आवृत्ती साधारण १८ वॅटपर्यंत पोचते आणि चपट्या, जुन्या यूएसबी-ए पोर्टवर चालते.

तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावर फोनच्या मॉडेलचं पान उघडा आणि दोन गोष्टी लिहून घ्या: जास्तीत जास्त किती वॅट आणि कोणती भाषा. २५ वॅटच्या फोनला ६५ वॅटचा चार्जर लावला तर काही बिघडत नाही, फोन आपल्याला हवे तेवढेच वॅट ओढतो. पण लॅपटॉपही चार्ज करायचा नसेल तर एवढा मोठा चार्जर घेण्यात अर्थ नाही.

पायरी २: विक्रीच्या पानावर गुणाकार करा

शीर्षकातला आकडा वाचून सोडून द्या. फोटोंमध्ये चार्जरच्या अंगावरच्या बारीक छपाईचा फोटो शोधा. तिथे 'आउटपुट'समोर व्होल्ट आणि अँपिअरच्या जोड्या असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.

२० वॅटच्या पीडी चार्जरवर साधारण '५ व्होल्ट ३ अँपिअर' आणि '९ व्होल्ट २.२२ अँपिअर' असं असतं. ९ गुणिले २.२२ म्हणजे १९.९८, जुळलं. सॅमसंगच्या २५ वॅटच्या ईपी-टीए८०० चार्जरवर '९ व्होल्ट २.७७ अँपिअर' असतं, आणि शिवाय पीपीएसच्या वेगळ्या ओळीत '३.३ ते ५.९ व्होल्ट, ३ अँपिअर' आणि '३.३ ते ११ व्होल्ट, २.२५ अँपिअर'. असा 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' पट्टा दिसला की पीपीएस आहे असं समजा. नुसते ५, ९, १५, २० असे सुटे आकडे असतील तर नाही.

आता उलटं उदाहरण घ्या. शीर्षकात '६५ वॅट सुपर फास्ट' आणि अंगावर '५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २ अँपिअर, १२ व्होल्ट १.५ अँपिअर'. तिन्ही गुणाकार करून बघा: १५, १८, १८. म्हणजे हा १८ वॅटचा चार्जर आहे. खोटं बोलणाऱ्यांची ही छपाई बहुधा खरी असते, कारण जुना साचा तसाच वापरलेला असतो. आणि त्या छपाईचा स्पष्ट फोटो पानावर कुठेच नसेल, तर ते पान तिथेच बंद करा. ज्याच्याकडे खरा आकडा आहे त्याला तो दाखवायला अडचण नसते.

दोन-तीन पोर्टचा चार्जर असेल तर विभागणीही बघा. '६५ वॅट' हा बहुधा एकच पोर्ट वापरला तरचा आकडा असतो. दोन फोन लावले की ४५ आणि २० अशी वाटणी होते. चांगली कंपनी हे कोष्टकात देते. आणखी एक: पीडी फक्त यूएसबी-सी पोर्टवर चालतं. नुसता यूएसबी-ए पोर्ट असलेल्या चार्जरवर 'पीडी' लिहिलेलं असेल तर तो दावा खोटा आहे.

पायरी ३: केबल

साधी सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली केबल ३ अँपिअरपर्यंत चालते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये 'ई-मार्कर' नावाची चिप असते. ही चिप सापडली नाही तर चार्जर ३ अँपिअरच्या वर जातच नाही. सॅमसंगचे ४५ वॅट ६० पेक्षा कमी असले तरी ते कमी व्होल्ट आणि ३ पेक्षा जास्त अँपिअरवर मिळतात, म्हणून त्यांनाही ५ अँपिअरची केबल लागते. केबलच्या वर्णनात '१०० वॅट' किंवा '२४० वॅट' आणि ई-मार्करचा उल्लेख शोधा.

केबल क्षुल्लक समजू नका. गूगलमधले अभियंते बेन्सन लुंग यांनी २०१५ पासून ऑनलाइन मिळणाऱ्या यूएसबी-सी केबल एकेक करून तपासल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये अशाच एका केबलनं त्यांचा चाचणीचा लॅपटॉप जाळला. आतल्या विजेच्या आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. बाहेरून ती केबल इतर कुठल्याही केबलसारखीच होती.

जुन्या आयफोनच्या लायटनिंग केबलसाठी ॲपलचा परवाना असलेल्या उत्पादकांची यादी ॲपलच्याच संकेतस्थळावर शोधता येते. ॲपलच्या स्वतःच्या लायटनिंग केबलवर यूएसबीच्या टोकापासून साधारण १८ सेंटिमीटरवर बारीक मजकूर छापलेला असतो. उजेडात तिरपी धरली की दिसतो.

पायरी ४: विकतो कोण ते वाचा

ऑनलाइन खरेदीत खरी निवड इथे होते. मोठ्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाचं पान असलं तरी विकणारा तिसराच कुणी असू शकतो. पानावर 'विक्रेता' आणि 'पाठवणार' अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. माल संकेतस्थळाच्या गोदामातून येतोय म्हणजे तो अस्सल आहे असं नाही. गोदाम फक्त पाठवतं, माल विक्रेत्यानं आणलेला असतो.

आधी कंपनीचं अधिकृत संकेतस्थळ उघडा आणि तिथून ऑनलाइन दुकानाच्या दुव्यावर जा. हा उलटा रस्ता सगळ्यात भरवशाचा, कारण दुवा कंपनीनंच दिलेला असतो. तसं जमत नसेल तर विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारून तो आणखी काय विकतो ते बघा. मोजे, खेळणी आणि अधूनमधून नामवंत कंपनीचे चार्जर, असा संग्रह दिसला तर तिथून घेऊ नका.

किमतीची तुलना कंपनीच्या स्वतःच्या दुकानातल्या किमतीशी करा, पानावर खोडून दाखवलेल्या किमतीशी नको. सवलतीच्या दिवसांत थोडी घट समजण्यासारखी आहे. पण तोच नवा चार्जर पाव किमतीत मिळत असेल, तर तो कंपनीनं बनवलेला नाही.

शब्दही नीट वाचा. 'सॅमसंगसाठी', 'आयफोनला चालणारा', 'ओरिजिनल क्वालिटी' यांपैकी एकाही शब्दाचा अर्थ त्या कंपनीचा माल असा होत नाही. 'गॅन', म्हणजे चार्जरच्या आतल्या भागांसाठी वापरला जाणारा गॅलियम नायट्राइड हा पदार्थ, या शब्दाचंही तेच झालंय. गॅनमुळे चार्जर खरोखर लहान आणि कमी तापणारा होतो, पण छपाई करायला काहीच लागत नाही. १०–२० वॅटच्या स्वस्त चार्जरवर 'गॅन' वाचून जास्त पैसे देऊ नका.

पायरी ५: रिव्ह्यू कसे वाचायचे

सरासरी तारे बघू नका. क्रम 'सर्वात नवे आधी' असा लावा आणि एक ते तीन ताऱ्यांचे, फोटोसकट आलेले रिव्ह्यू वाचा. जुने रिव्ह्यू चांगले आणि गेल्या काही आठवड्यांतले वाईट असतील, तर मधल्या काळात विक्रेता किंवा माल बदललाय. कधीकधी चार्जरच्या पानावर फोनच्या कव्हरचे किंवा इअरफोनचे रिव्ह्यू सापडतात. म्हणजे दुसऱ्याच वस्तूचं जुनं पान रिव्ह्यूसकट वापरून त्यावर चार्जर चिकटवलाय. 'लवकर आला, पॅकिंग छान' हे रिव्ह्यू चार्जरबद्दल काहीच सांगत नाहीत. 'पीडी मीटरवर ९ व्होल्ट, २.१ अँपिअर दिसले' असा एक रिव्ह्यू त्यांच्या शंभरांना भारी आहे.

घेण्याआधी परतीची मुदत आणि अट बघून ठेवा. पैसे परत मिळतात की फक्त बदलून मिळतो, हे नंतर महत्त्वाचं ठरतं. नकलीच्या बदल्यात दुसरा नकलीच यायचा.

पायरी ६: पार्सल आलं की

उघडताना सलग व्हिडिओ काढा: पत्त्याची चिठ्ठी, सील, खोकं, चार्जरची चारही बाजूंची छपाई. एकदा न थांबता काढलेला व्हिडिओ परतीच्या वादात खूप उपयोगी पडतो.

मग चार्जर प्लग न करता खिडकीजवळ न्या. अंगावरचा मॉडेल क्रमांक, खोक्यावरचा क्रमांक आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचा क्रमांक, तिन्ही एकच हवेत. अक्षरं वाचा, एकेक करून. नकलीवर स्पेलिंगच्या चुका, दोन शब्दांतली गायब जागा, एकाच ओळीत दोन जाडीची अक्षरं हमखास सापडतात. बोटाला थोडं पाणी लावून छपाई घासा. अस्सल छपाई सहसा पुसत नाही. दोन अर्ध्या भागांमधली शिवण नखाला अडकते का बघा. पिना सरळ, गुळगुळीत आणि मुळाशी घट्ट हव्यात. हलवल्यावर डुगडुगल्या किंवा हळूच हलवल्यावर आत काही खुळखुळलं, तर तो चार्जर भिंतीत लावूच नका.

वजन हा चांगला इशारा आहे, पण अर्धाच. संकेतस्थळावर दिलेल्या वजनापेक्षा चार्जर बराच हलका भरला तर शंका घ्या. भरला नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका, काही नकली चार्जरमध्ये वजनासाठी लोखंडाचा तुकडा घातलेला सापडतो.

सुरक्षा चिन्हांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. युरोपचं 'सीई' चिन्ह उत्पादक स्वतःच लावतो, त्यामुळे त्याची नक्कल सगळ्यात जास्त. खऱ्या चिन्हात सी आणि ई ही दोन अक्षरं एकमेकांपासून बरीच सुटी असतात. चिकटून असतील तर ते चुकीचं आहे. यूएल किंवा भारतातल्या बीआयएससारख्या (भारतीय मानक ब्युरो) चिन्हांमागे नोंदणी असते आणि ती तपासता येते. बीआयएसचा आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. भलत्याच कंपनीचं नाव आलं तर क्रमांक उचललेला आहे. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून 'अस्सल' असा हिरवा शिक्का आला, तर आधी कोणतं पान उघडलं त्याचा पत्ता वाचा. नकलीवाले तपासणीचं पानही नकली बनवतात. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून अनुक्रमांक तिथे तपासा.

पायरी ७: मोजून बघा

फोनची बॅटरी २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असताना, फोन थंड असताना आणि स्क्रीन बंद ठेवून चाचणी घ्या. ८० टक्क्यांच्या पुढे प्रत्येक फोन मुद्दाम वेग कमी करतो, त्यामुळे ९० टक्क्यांवर घेतलेली चाचणी फुकट जाते.

सगळ्यात चांगलं साधन म्हणजे चार्जर आणि केबलच्या मध्ये बसणारा छोटा यूएसबी-सी मीटर. २० वॅटचा पीडी चार्जर आणि आयफोन असेल तर मीटरवर साधारण ९ व्होल्ट आणि २ अँपिअरच्या आसपास दिसायला हवं. पीपीएसवर व्होल्टेज स्थिर न राहता बारीक पायऱ्यांनी सरकत राहतं, तेही बरोबरच. पण आकडा ५ व्होल्टलाच चिकटून राहिला, तर भाषा जुळलेली नाही. आणखी एक बारीक खूण: फोन न लावता मीटर नुसता पीडीच्या सी पोर्टला लावला, तर तो सहसा बंदच राहायला हवा, कारण यूएसबी-सीच्या नियमानुसार समोर उपकरण ओळखल्याशिवाय पोर्टवर वीज सोडायची नसते. मीटर लगेच पेटला, तर त्या पोर्टमध्ये नियमाप्रमाणे काम करणारा भाग नसण्याची शक्यता दाट आहे.

मीटर नसेल तर ॲपवरून अंदाज येतो, पण ते बॅटरीत शिरणारा करंट दाखवतं, चार्जरमधून निघणारा नाही. त्या दोन्हींची सरळ तुलना करू नका.

वेग कमी दिसला म्हणून लगेच चार्जरला दोष देऊ नका. या क्रमानं जा: आधी दुसरी केबल, मग फोनच्या सेटिंगमधलं जलद चार्जिंगचं बटण, मग फोन तापलाय का, मग तोच चार्जर दुसऱ्या फोनवर. चौथ्या पायरीनंतरही आकडा वर गेला नाही तर चार्जर परत करा.

पहिला तासभर चार्जर जागेपणी, कडक पृष्ठभागाजवळ वापरा; उशीखाली किंवा पांघरुणात नको. कोमट ते गरम होणं साहजिक आहे. हातात धरवत नसेल, प्लास्टिकचा वास येत असेल किंवा आतून चरचर ऐकू येत असेल, तर सॉकेटचं बटण बंद करा आणि मगच उपटा. चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप दाबली जाणं, टाइप करताना भलतीच अक्षरं उमटणं हेही वाईट लक्षण आहे: आउटपुटमधली वीज गुळगुळीत नाही आणि तिचा गोंगाट टचस्क्रीनला गोंधळात टाकतो. धातूच्या कडेचा फोन चार्जिंगला असताना बोट फिरवल्यावर किंचित मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते मात्र दोन पिनांच्या अस्सल चार्जरमध्येही होतं. मुंग्यांऐवजी टोचलं किंवा झटका बसला तर तो चार्जर पुन्हा लावायचा नाही.

खात्री करण्यासाठी चार्जर फोडून बघू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ राहू शकते.

नकली निघाला तर

परत करताना कारण 'आवडला नाही' असं निवडू नका, 'नकली' किंवा 'वर्णनाशी जुळत नाही' असं निवडा आणि छपाईचा व मीटरचा फोटो जोडा. त्यामुळे विक्रेत्याची नोंद होते. ज्या कंपनीच्या नावाची नक्कल केली आहे तिलाही पानाचा दुवा पाठवा. अशी पानं काढून टाकायची मागणी कंपनी करू शकते. विक्रेता 'पैसे परत घ्या, चार्जर तुमच्याकडेच ठेवा' म्हणाला तर तो घरात पडू देऊ नका आणि कुणाला देऊही नका. भिंतीतून काढलेल्या चार्जरच्या पिना पकडीनं वाकवा, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी पुन्हा लावणार नाही, आणि तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.